पायाखालची वाफ : अमेरिकेतल्या कॅम्पसवर शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना खुलं पत्र

प्रिय मुलामुलींनो,

मी निवृत्त झालो त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. जानेवारी महिना, बाहेर उणे १४ अंश. न्यू जर्सीतल्या एका कॉलेजच्या पॉवर प्लांटमध्ये माझी सेकंड शिफ्ट होती. पावणेपाचच्या सुमाराला गॅस कंपनीचा फोन आला. थंडी वाढली आहे, घरगुती गॅसची मागणी चढली आहे, दोन तासांत तेलावर जा. आमचा करारच तसा होता. गॅस स्वस्तात मिळायचा, त्या बदल्यात कंपनी म्हणेल तेव्हा गॅस सोडून टाकीतल्या डिझेलवर जायचं. आम्ही चौघे कामाला लागलो आणि नेमकी त्याच वेळी फाटकापाशी तीस-चाळीस मुलं जमली. हातात फलक, तोंडी 'प्लांट बंद करा'च्या घोषणा. टाकीचा व्हॉल्व्ह बघायला मी मागच्या दाराने बाहेर आलो होतो, तेवढ्यात कुंपणापलीकडून कानावर पडलं, "आत कोणी असेल का गं?" दुसरी म्हणाली, "छे, सगळं ऑटोमॅटिक असतं."

इतक्या वर्षांत त्या आवारात मराठी पहिल्यांदाच ऐकली होती. थांबून दोन शब्द बोलावेत असं फार वाटलं, पण पाय तिथे ठरणं शक्य नव्हतं. त्या दोघींना आणि तुमच्यापैकी जे जे आपापल्या कॉलेजात हीच मागणी करतात त्या सगळ्यांना सांगायचं राहून गेलं, ते आज लिहितो आहे.

आत काय चाललं होतं ते आधी सांगतो. गॅसवरून तेलावर जाणं हे बटण दाबण्याइतकं सोपं नसतं. आधी तेल पाइपातून फिरवत ठेवावं लागतं, कारण इतक्या थंडीत डिझेल मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. मग एकेका बॉयलरचा भार उतरवायचा, बर्नर विझवायचा, भट्टीत उरलासुरला गॅस पंख्याने पूर्ण बाहेर काढायचा आणि मगच तेलाची ज्योत लावायची. ही मधली मिनिटं जीव टांगणीला लावतात. भट्टीत गॅस साचून राहिला आणि ठिणगी पडली तर बॉयलर फुटतो. म्हणून एक जण पॅनेलवर, एक पंपापाशी, एक टर्बाइनच्या खोलीत आणि एक बॉयलरच्या जाड काचेच्या झरोक्याशी. त्या दिवशी झरोक्याशी मी होतो. गॅसची ज्योत निळी, जवळजवळ दिसेनाशी. तेलाची पिवळीधमक. ती धरते तेव्हा काचेमागे एकदम भडका उजळतो आणि कपाळाला धग लागते. ज्योत स्थिर होईपर्यंत पलीकडचा माणूस हवा कमी-जास्त करत असतो आणि तेवढा वेळ धुराड्यातून काळसर धूर निघतो. तुम्ही बाहेरून तो बघितलात आणि घोषणा वाढल्या. बरोबरच होतं तुमचं. तो धूर मलाही कधी आवडला नाही.

तेव्हा मुलींनो, आत माणसं होती. आणि तुमच्या मागणीला आतल्या एकाचा तरी मनापासून पाठिंबा होता. पण ती मागणी ज्या शब्दांत तुम्ही मांडत होता, त्या शब्दांत ती कधीच पुरी होणार नाही. का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी मूळचा बोर्डाचा माणूस, म्हणजे तेव्हाच्या वीज मंडळाचा. उरणच्या वायू विद्युत केंद्रात बॉम्बे हायच्या गॅसवर चालणाऱ्या टर्बाइनवर हात बसला. पुढे नव्वदच्या दशकात तिथे टर्बाइनच्या गरम धुरातून वाफ काढून आणखी वीज करणारे संच लागले. धुराड्यातून वाया जाणारी उष्णता पकडली की त्याच गॅसमध्ये किती जास्त काम होतं, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं. इथे आल्यावर पुन्हा पहिलीपासून सुरुवात. न्यू जर्सीत बॉयलर चालवायला ब्लॅक सील लायसन्स लागतं, मग ब्लू सील, अशा पायऱ्या. त्या चढत कॉलेजच्या प्लांटमध्ये आलो आणि तिथेच मुरलो.

अमेरिकेतल्या कॉलेजांना स्वतःचं पॉवरहाऊस लागतं कशाला, हा प्रश्न आपल्याकडून आलेल्या माणसाला पडतोच. कारण वीज नव्हे, थंडी आहे. दीड-दोनशे इमारती, वसतिगृहं, प्रयोगशाळा, ग्रंथालयं, सगळ्यांना सहा महिने ऊब हवी. शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक इमारतीत कोळशाची शेगडी ठेवण्यापेक्षा एकाच ठिकाणी वाफ करून ती जमिनीखालच्या पाइपांतून सगळीकडे पाठवणं सोयीचं होतं. कोळसा गेला, मग जड तेल आलं. त्यातलं सहा नंबरचं तेल म्हणजे अक्षरशः काकवी. तापवल्याशिवाय पंपातून पुढे सरकत नाही. त्यानंतर गॅस आला आणि डिझेल टाकीत राखीव राहिलं. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की वाफ करायचीच आहे तर आधी गॅसवर टर्बाइन फिरवून वीज काढावी आणि तिच्या धुरावर वाफ करावी. नुसती वीज करणारी लहान गॅस टर्बाइन इंधनातला जेमतेम तिसरा हिस्सा कामाला लावते. उष्णताही पकडली तर ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाता येतं. १९९० च्या दशकात हा शहाणपणाचाच मार्ग होता. एमआयटीने १९९५ मध्ये तो धरला, प्रिन्स्टनने १९९६ मध्ये.

प्रिन्स्टनचं मी मुद्दाम सांगतो, कारण ते आमच्या घरापासून जवळ आहे आणि आपल्या मराठी वस्तीच्या अगदी मध्यावर आहे. एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर, जिकडे बघाल तिकडे आपली माणसं. तिथली टर्बाइन १५ मेगावॉटची, जीईच्या एलएम १६०० जातीची. हे मूळ विमानाचं इंजिन आहे. एफ ४०४ नावाच्या लढाऊ विमानाच्या इंजिनावरून ते बेतलं आहे आणि त्याच एफ ४०४ च्या घराण्यातलं इंजिन आपल्या तेजसमध्ये बसतं. विमान उडवणारं यंत्र जमिनीला बांधून वसतिगृहांना वीज आणि वाफ पुरवतं. इंजिनिअरिंगच्या मुलांनी तरी ते एकदा बघायला हवं. गॅस नेहमीचं इंधन, डिझेल अडीअडचणीला.

आणि अडचण आली. २९ ऑक्टोबर २०१२. त्या रात्री कोजागिरी होती. आमच्याकडे चार कुटुंबं जमायची होती, दूध आटवायला घेतलं होतं. पौर्णिमेची भरती आणि सँडी वादळ एकाच रात्री आले. संध्याकाळी आठच्या सुमारास वादळ अटलांटिक सिटीजवळ किनाऱ्याला धडकलं, आणि थोड्या वेळाने आमच्या गल्लीतला शेवटचा दिवा गेला. चंद्र तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दूध तसंच राहिलं. पुढचे कित्येक दिवस लाखो घरं अंधारात होती. ज्यांच्या छपरावर सोलर पॅनेल होती त्यांच्या घरीही अंधार, कारण ग्रीड, म्हणजे बाहेरचं वीजजाळं, गेलं की ती पॅनेल नियमाप्रमाणे आपोआप बंद पडतात, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसेल. प्रिन्स्टनने मात्र बाहेरच्या ग्रीडशी जोड तोडली आणि स्वतःच्या टर्बाइनवर कॅम्पसचा बराच भाग चालू ठेवला. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरच्या आजूबाजूला एनवाययूनेही, म्हणजे न्यूयॉर्क विद्यापीठानेही, तेच केलं. मॅनहॅटनचा खालचा भाग काळाठिक्कर आणि मध्ये तेवढा एक उजेडाचा तुकडा. कोजागिरीला लक्ष्मी विचारत फिरते म्हणतात, को जागर्ति? त्या रात्री या राज्यात जागे होते ते बॉयलरवाले, लाइनमन आणि नर्सेस.

आमच्या वयाची माणसं सँडीचं उदाहरण देतात ते यासाठी की बघा, गॅसचा प्लांट होता म्हणून निभावलं, तो कशाला काढायचा? मी त्यांच्या बाजूचा असायला हवा होतो. आयुष्य त्यावर काढलं. पण हिशेब मला पटत नाही. एक रात्र, एक आठवडा निभावला म्हणून बाकीची तीस वर्षं रोज जाळत बसायचं, हे गणित बसत नाही. तेवढीच उष्णता मिळवताना गॅसमधून कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो, हे खरं. पण निम्मा म्हणजे शून्य नव्हे. शिवाय विहिरीपासून बर्नरपर्यंतच्या वाटेत जो मिथेन गळतो, तो पहिल्या वीस वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता अडवतो. उरणला असताना आम्ही गॅसला स्वच्छ इंधन म्हणायचो. कोळशाच्या मानाने ते होतंच. आता तुलना कोळशाशी करायची राहिलेली नाही.

मग बंद करा, एवढंच म्हणायचं ना? नाही. इथेच तुमचं आणि माझं वेगळं होतं.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या मित्राची मुलगी पुण्याहून एमएसला आलेली, तिला मी तिच्याच कॉलेजच्या आवारात फिरायला घेऊन गेलो. आदल्या रात्री फूटभर बर्फ पडला होता. ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंतच्या हिरवळीवर सगळं पांढरंशुभ्र, आणि मधोमध हातभर रुंदीची एक सरळ रेघ, जिथे बर्फ टिकलाच नव्हता. खाली ओलं, हिरवंगार गवत. भर हिवाळ्यात. तिला वाटलं कोणी फावड्याने वाट काढली. मी तिला म्हटलं, हात लावून बघ. तिने हातमोजा काढून तळवा टेकवला. जमीन कोमट होती. काका, खाली काय आहे, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तुझी फी.

त्या रेघेखाली वाफेचा पाइप जातो. आत साधारण १८० अंशाची वाफ. ती कशासाठी? तर वसतिगृहाची खोली २१ अंशाला ठेवण्यासाठी. दूध कोमट करायला लोहाराचा भाता लावावा तसं हे आहे. १८० अंशाची वाफ घेऊन मैल दोन मैल पाइप धावतो, तेव्हा वाटेत माती तापवतो, गांडुळं तापवतो, बर्फ वितळवतो. जुन्या जाळ्यात केलेल्या वाफेचा पाचवा हिस्सा सहज वाटेतच जातो. ट्रॅप बिघडला तर आणखी. ट्रॅप म्हणजे वाफ अडवून फक्त गार झालेलं पाणी परत सोडणारा छोटा लोखंडी डबा. कॅम्पसवर असे हजारोंनी असतात. एकेक ट्रॅप कानाने ऐकून तपासत मी कितीतरी मैल तळघरांतून चाललो आहे. चांगला ट्रॅप थांबून थांबून टुक्-टुक् करतो. बिघडलेला सारखा सूं-सूं करत राहतो, आणि तुम्ही दोन वर्षांपूर्वी तक्रार लिहिलेली असते तरी तो तिथेच सुसकारत असतो.

मुद्दा असा की जोपर्यंत इमारतींना वाफ लागते, तोपर्यंत काहीतरी जाळावंच लागतं. १८० अंशाची वाफ किफायतीने करू शकणारी गोष्ट म्हणजे आग. तुम्ही धुराड्यासमोर उभे राहून ते बंद करा म्हणालात आणि समजा विश्वस्तांनी मान्यही केलं, तर दुसऱ्या दिवशी इमारती गोठतील, पाण्याचे पाइप फुटतील, आणि तिसऱ्या दिवशी भाड्याचे डिझेल बॉयलर ट्रेलरवर येऊन उभे राहतील. धुराडं हे शेवटचं टोक आहे. गुंता पायाखाली आहे.

तो सोडवायचा कसा हे आता गुपित राहिलेलं नाही. वाफ काढून ६०-७० अंशाच्या गरम पाण्याचे पाइप टाकायचे. एवढं तापमान हीट पंपाला झेपतं. हीट पंप म्हणजे उलटा बसवलेला फ्रिज, तो उष्णता तयार करत नाही, एका ठिकाणची उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवतो. एक युनिट वीज देऊन तीनेक युनिट उष्णता मिळते. हिशेब करून बघा. गॅस बॉयलरमध्ये जाळला तर शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी मिळतात. तोच गॅस चांगल्या वीज केंद्रात जाळून निम्मी वीज काढली आणि ती हीट पंपाला दिली तर दीडशे मिळतात. म्हणजे वीज अगदी गॅसवरचीच असली तरी फायदा. आणि न्यू जर्सीत तर मोठा वाटा अणुवीजेचा आहे.

स्टॅनफर्डने हे २०१५ मध्ये करून दाखवलं. त्यांच्याकडेही १९८७ पासून गॅसवरचा वीज-वाफेचा प्लांट होता. त्यांच्या इंजिनिअरांनी कॅम्पसच्या गरजांचा तासातासाचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की एकाच वेळी एका बाजूला प्रयोगशाळा थंड ठेवायला उष्णता बाहेर फेकली जाते आहे आणि दुसऱ्या बाजूला वसतिगृहं तापवायला गॅस जळतो आहे. फेकलेलीच उष्णता उचलून पलीकडे दिली. त्यासाठी २२ मैल नवे पाइप टाकले, १५५ इमारती वाफेवरून गरम पाण्यावर आणल्या. खर्च ४८ कोटी ५० लाख डॉलर. सौर विजेच्या खरेदीची जोड धरून उत्सर्जन ६८ टक्क्यांनी उतरलं आणि गॅसचा प्लांट बंद झाला. काम कशाने झालं ते बघा. आधी पाइप आणि इमारती बदलल्या, प्लांट आपोआप निरुपयोगी झाला.

कॅलिफोर्नियात थंडी कुठे आहे, असं कोणी म्हणेल. म्हणून पुन्हा प्रिन्स्टन. तिथे २०४६ पर्यंत, म्हणजे विद्यापीठाला तीनशे वर्षं होतील तोवर, नेट झिरोचं (म्हणजे काय ते पुढे सांगतो) उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी आत्ता जमीन खोदली जाते आहे. सहाशे ते साडेआठशे फूट खोल, अशी दोन हजारांवर भोकं. आपल्या बोअरवेलसारखीच, फक्त यातून पाणी काढायचं नाही. बंद नळीतून पाणी खाली जाऊन वर येतं. त्या खोलीवर जमीन बाराही महिने बारा-तेरा अंशांवर असते. उन्हाळ्यात इमारतींची उष्णता खाली नेऊन साठवायची, हिवाळ्यात तीच वर आणायची. कोकणात पावसाळ्यापूर्वी लाकूडफाटा आणि आगोट भरून ठेवतात, तसंच हे मोठ्या मापात. रस्ते उखडले जातात, वर्षानुवर्षं कुंपणं असतात, मुलं कुरकुर करतात की आमच्या खिडकीखाली सकाळी सात वाजता ड्रिल सुरू होतं. बाबांनो, त्या आवाजावर कुरकुर करू नका. तुम्ही फलकावर जे लिहिता ते त्या ड्रिलने होतं.

उलट उदाहरणही सांगायला हवं. एमआयटीने २०२१ मध्ये २२-२२ मेगावॉटच्या दोन नव्या गॅस टर्बाइन सुरू केल्या. पूर्वीच्या एकीच्या जागी दोन. विजेसाठी बाहेरच्या ग्रीडवर अवलंबून राहायला नको, जुनी घाणेरडी यंत्रं जातील, जड तेल जाईल, ही कारणं होती आणि ती खोटी नव्हती. पण अशा यंत्राचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं असतं. त्याच वर्षीच्या त्यांच्या आराखड्यात २०२६ पर्यंत नेट झिरो आणि २०५० पर्यंत कॅम्पसवरचं प्रत्यक्ष उत्सर्जन शून्य, अशी दोन वेगळी उद्दिष्टं आहेत. या दोन शब्दांतलं अंतर तुम्ही नीट समजून घ्या. नेट झिरो म्हणजे इथे जाळायचं आणि दूर कुठेतरी सौर किंवा पवन ऊर्जेला पैसे देऊन ते वजा धरायचं. त्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तुमच्या हवेत जो धूर जातो तो वजाबाकीने कमी होत नाही. इंधनाच्या यंत्रावर एकदा लांब मुदतीची सही झाली की माणसं कशी अडकतात, हे एन्रॉनचं दाभोळ बघितलेल्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

म्हणून आंदोलनाची वेळ ओळखा. टर्बाइन बसल्यावर फलक घेऊन उभं राहण्याला तितका अर्थ नाही. टर्बाइन विकत घ्यायचा ठराव ज्या बैठकीत येतो, त्याच्या आधीची दोन वर्षं खरी. डार्टमथ कॉलेजचं बघा. तिथे जड तेलावर वाफ व्हायची. २०१९ मध्ये त्याऐवजी लाकडाचे तुकडे जाळायचा बेत जाहीर झाला. तिथूनच शिकून गेलेल्या शास्त्रज्ञांनी आकडे मांडून विरोध केला, आणि एकही वीट रचली जाण्यापूर्वी तो बेत मागे घेतला गेला. आता तिथेही गरम पाण्याचे पाइप आणि जमिनीतल्या भोकांचं काम धरलं आहे. त्या मंडळींनी घोषणा दिल्या नाहीत असं नाही, पण बेत मोडला तो आकड्यांनी.

आकडे तुम्हालाही मिळतात. मोठ्या प्लांटना हवेसंबंधीचं जे सरकारी परमिट लागतं, त्याला टायटल फाइव्ह म्हणतात. ते सार्वजनिक असतं. किती तास तेल जाळलं, किती गॅस गेला, नायट्रोजन ऑक्साइड किती, सगळं नोंदवून द्यावं लागतं. आम्हीच शिफ्टच्या वहीत ते लिहायचो, रात्री दोन वाजता, पेन गोठलेलं असलं तरी. परमिटचं नूतनीकरण होतं तेव्हा लोकांना हरकती मांडता येतात. इतक्या वर्षांत आमच्या परमिटवर एकाही विद्यार्थ्याने एक ओळ लिहिल्याचं मला आठवत नाही. तुम्ही लिहा. यावर्षी किती इमारती वाफेवरून गरम पाण्यावर आल्या, हे दर वर्षी विचारा. उद्दिष्टाचं साल प्रत्येक जण सांगतो, इमारतींची संख्या विचारली की माणूस फाइल उघडतो. ज्या इमारतीची डागडुजी चालू आहे तिच्यात नवे पाइप घातले जात आहेत का, ते विचारा. कारण एकदा जुन्याच वाफेच्या रेडिएटरवर नवं प्लास्टर चढलं की पुढची तीस वर्षं त्या भिंतीला कोणी हात लावत नाही. प्रयोगशाळेतलं निर्जंतुकीकरण किंवा स्वयंपाकघर यांना वाफ लागतेच, असं उत्तर येईल. लागते, पण ती जागच्या जागी लहान विजेच्या बॉयलरवर करता येते. निर्जंतुकीकरणाच्या चार ऑटोक्लेव्हसाठी सगळं गाव १८० अंशांवर ठेवायची गरज नाही.

तेलाबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. टाकीतलं डिझेल सगळ्यात शेवटी गेलं तरी मला चालेल. सगळ्यात घाण तेच असतं, त्याच्या काळसर धुराचं मीच वर सांगितलं. पण ते वर्षातले थोडे तास जळतं, आणि गॅस रोज, चोवीस तास. पूर्ण कॅम्पस चार-पाच दिवस तोलून धरील अशी बॅटरी कोणत्याही कॉलेजाकडे मी अजून बघितलेली नाही. हॉस्टेलात चार-पाच हजार मुलं आणि बाहेर हिमवादळ, अशा रात्री टाकी असलेली बरी. रोजचं जाळणं आधी थांबवा, अडीअडचणीचं मग बघू. आणि ज्या रात्री कॅम्पसवर उजेड असेल आणि गाव अंधारात असेल, त्या रात्री गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी एक मोठा उबदार हॉल उघडा राहील, हे आत्ताच लिहून घ्या. सँडीच्या वेळी बॅटरी संपलेला फोन हातात घेऊन मी लांबून तो उजेड बघितला आहे. ग्रीडपासून तुटूनही उभं राहायची ताकद नव्या प्लांटमध्ये असायलाच हवी. ती गॅसची मक्तेदारी नाही, ती स्विचगिअरची, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यंत्रणेची, आणि नीट प्रशिक्षण दिलेल्या माणसांची असते.

माणसांचं शेवटी. प्लांटमध्ये काम करणारे बहुतेक जण कॉलेजात शिकलेले नसतात. कोणी नेव्हीतून आलेला, कोणी बापाच्या पाठोपाठ आलेला. माझ्याबरोबर एक जण होता, त्याच्या मुलीला त्याच कॉलेजात नोकरांच्या सवलतीत शिकता आलं, ती डॉक्टर झाली. 'प्लांट बंद करा' ऐकून त्याला एवढंच कळायचं की आपली जागा जाणार. हीट पंप चालवायलाही माणसं लागतात, पंप, व्हॉल्व्ह, मीटर तेच असतात, पण शिकवावं लागतं आणि ते आधी शिकवावं लागतं. तुमच्या मागण्यांच्या कागदावर एक ओळ त्यांच्यासाठी असू द्या. मी शपथेवर सांगतो, ती ओळ वाचली तर आतला माणूस तुमच्या बाजूने बोलेल. कुठला पाइप गळतो, कुठल्या तळघरात कुठला ट्रॅप सूं-सूं करतो, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

प्लांट बघायला मागा. बहुतेक ठिकाणी आधी कळवलं तर दाखवतात. बंद बूट घालून जा, सैल ओढणी नको, कानात बोळे देतील ते नीट घाला. फेब्रुवारीत पहिला मोठा बर्फ पडला की सकाळी लवकर, रहदारी सुरू व्हायच्या आत, आवारात फिरा. हिरवी रेघ सापडेल. ती किती पावलं आहे ते मोजा, दोन्ही टोकांना कुठल्या इमारती आहेत ते लिहून घ्या, फोटो काढा. आणि तो कागद घेऊन कॉलेजच्या बांधकाम विभागाच्या पुढच्या खुल्या बैठकीला जा, पहिल्या रांगेत बसा.

तुमचा,
उरणच्या टर्बाइनवर शिकलेला एक निवृत्त शिफ्ट इंजिनिअर
प्लेन्सबरो, न्यू जर्सी